युरोपातील धर्म आणि जीवनदृष्टी कशा समजून घ्याव्यात : मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

जर्मनीत घर मिळून राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते. त्या अर्जात नाव, जन्मस्थळ, वैवाहिक स्थिती यांच्यासोबत धर्म लिहिण्यासाठी एक रकाना असतो. छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या पूर्वतयारी वर्गात मी हा अर्ज मुलांच्या हातात देतो, तेव्हा बहुतेकांचा पेन याच रकान्यापाशी थांबतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात वाचण्याची सवय असल्यामुळे कोणी ‘हिंदू मराठा’ असे लिहितो, कोणी ‘बौद्ध’ लिहून पुढे ‘अनुसूचित जाती’ असेही लिहितो, आणि एखादी मुलगी हळूच विचारते की ‘मुस्लिम’ लिहिले तर पुढे काही अडचण येईल का. प्रत्यक्षात तो रकाना या तिघांपैकी कोणासाठीही नसतो. तो मुख्यतः चर्चचा कर वसूल करण्यासाठी असतो.

जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सभासदांकडून चर्चकर घेतला जातो आणि तो सरकारी यंत्रणेमार्फत पगारातूनच कापला जातो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत तो आयकराच्या 8 टक्के आहे, उरलेल्या राज्यांत 9 टक्के. हे प्रमाण पगारावर नसून आयकरावर असते, हे वर्गात दरवेळी दोनदा सांगावे लागते. वर्षाला 4,000 युरो आयकर भरणाऱ्या परिचारिकेला बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 320 युरो चर्चकर पडेल. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, शीख किंवा जैन माणसाने रकाना रिकामा ठेवला काय किंवा आपला धर्म लिहिला काय, त्याच्या करात फरक पडत नाही. ख्रिस्ती मुलामुलींची गोष्ट मात्र वेगळी आहे. कॅथलिक बाप्तिस्मा जालन्यात झालेला असला, तरी जर्मनीत राहायला गेल्यावर ती व्यक्ती तिथल्या चर्चची सभासद धरली जाते. आमच्या वर्गातून गेलेल्या एका मुलीने पहिल्या पगारपत्रकाचा फोटो पाठवून विचारले होते, “सर, ही कपात चुकून झाली का?” चुकून काहीच झाले नव्हते, निघण्याआधी तिला हे सांगायचे राहून गेले होते, एवढेच. चर्चचे सभासदत्व रीतसर सोडण्याची सोय कायद्यात आहे, परंतु जर्मन बिशपांच्या 2012 च्या आदेशानुसार असे सभासदत्व सोडणाऱ्याला चर्चमधील संस्कार घेता येत नाहीत. श्रद्धावान माणसाने कर वाचवण्यासाठी धर्म लपवावा किंवा घाईने चर्च सोडावे, असे मी कोणालाही सुचवणार नाही. घरच्यांशी आणि आपल्या फादरांशी बोलूनच हा निर्णय घ्यावा. प्रोटेस्टंट कुटुंबांत आपली मंडळी कोणत्या परंपरेतील आहे, यावर उत्तर अवलंबून असते, म्हणून त्यांनी आपल्या पाळकांकडून तसे लेखी घेऊन ठेवावे.

एका रकान्यावर इतके लिहिण्याचे कारण असे की, युरोपातील धार्मिक जीवन आपण आपल्या दाखल्याच्या नजरेने वाचतो आणि तिथेच फसतो. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून लातूर, नांदेड, बीड, परभणी या भागांतून जर्मन शिकणाऱ्यांची संख्या माझ्या डोळ्यांसमोर वाढली आहे. ही मुले व्याकरण पाठ करतात, विमा आणि व्हिसा समजून घेतात, परंतु ज्या समाजात पुढची कित्येक वर्षे काढायची त्या समाजातील माणसे काय मानतात, काय मानत नाहीत आणि राज्यसंस्था त्यांच्याशी कशी वागते, याचा अभ्यास कोणी करत नाही. तो कसा करावा, हे मी इथे सांगणार आहे.

एक देश निवडावा आणि त्याचे मूळ भांडण शोधावे

‘युरोपात धर्माला कसे वागवतात’ हा प्रश्नच सोडून द्यावा, कारण त्याचे एक उत्तर नाही. ज्या देशात जायचे तो देश घ्यावा, एक कोरे पान घ्यावे आणि त्यावर चार गोष्टींची उत्तरे लिहावीत : या देशात कोणत्या एका चर्चला राज्याचे विशेष स्थान आहे का, धर्मसंस्थांना पैसा कोठून मिळतो, शाळेत धर्म शिकवला जातो का आणि कोण शिकवतो, आणि ज्यांना कोणताच धर्म नाही त्यांना कायद्यात काय स्थान आहे. ही चार उत्तरे मिळाली की वर्तमानपत्रातील निम्म्या बातम्या आपोआप समजू लागतात.

पण उत्तरे पाठ करण्याआधी त्यांच्या मागचे भांडण शोधावे. आपल्या धर्मनिरपेक्षतेमागे फाळणी आहे, जातिव्यवस्थेविरुद्धचा लढा आहे. पश्चिम आणि मध्य युरोपातील व्यवस्था मुख्यतः ख्रिस्ती लोकांच्या आपसांतील युद्धांतून आल्या. 1555 च्या ऑग्सबुर्गच्या तहाने असे ठरवले की राजाचा जो पंथ तोच प्रजेचा, आणि ज्याला ते पटणार नाही त्याने घरदार विकून दुसरीकडे जावे. त्यानंतरही 1618 ते 1648 असे तीस वर्षांचे युद्ध झालेच. आज जर्मनीच्या दक्षिणेला कॅथलिक आणि उत्तरेला प्रोटेस्टंट वळण दिसते, त्याची मुळे तिथपर्यंत जातात. दोन्ही पंथांना सांभाळत जगण्याची सवय असल्यामुळे जर्मन राज्यघटनेने धर्माला सार्वजनिक जीवनातून बाहेर काढले नाही. राज्याचे कोणतेही चर्च नसेल असे ठरवून तिने धर्मसंस्थांशी सहकार्याचा मार्ग ठेवला. सरकारी शाळेत धर्मशिक्षण हा नियमित विषय राहिला आणि चर्चकर सरकारी यंत्रणेतून जमा होत राहिला.

फ्रान्सचे भांडण निराळे होते. तिथे एका बाजूला प्रजासत्ताक आणि दुसऱ्या बाजूला राजेशाहीची पाठराखण करणारे कॅथलिक चर्च उभे होते, म्हणून 1905 च्या कायद्याने राज्य आणि चर्च यांची फारकत केली : राज्य कोणत्याही पंथाला मान्यता देणार नाही, पगार देणार नाही, अनुदान देणार नाही. फ्रान्सच्या पूर्वेकडील अल्सास आणि मोझेल या भागांत मात्र आजही पाद्री आणि रब्बी यांना सरकारी तिजोरीतून वेतन मिळते, कारण 1905 मध्ये तो प्रदेश जर्मनीच्या ताब्यात होता आणि 1918 नंतर परत आला तेव्हा तिथली जुनी व्यवस्था तशीच ठेवली गेली. हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आपणही 17 सप्टेंबर 1948 पर्यंत वेगळ्या राज्यात होतो, आणि आपल्या शेतजमिनीच्या वादात अजूनही 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा निघतो, पुण्याकडचा नव्हे. कायद्याला इतिहासाची गाठ कशी बसते, हे आपल्या तलाठी कार्यालयात आपण पाहिलेले असते.

इंग्लंडमध्ये राजा हाच चर्चचा सर्वोच्च प्रमुख असतो आणि 26 बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात, तरीही दैनंदिन जीवनात तो देश अनेक बाबतींत फ्रान्सपेक्षा मोकळा वाटतो. नेदरलँड्समध्ये कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि समाजवादी यांनी आपापल्या शाळा, वृत्तपत्रे, कामगार संघटना असे वेगळे खांब उभारले आणि 1917 मध्ये धार्मिक शाळांनाही सरकारी शाळांइतकाच पैसा देण्याचा तोडगा निघाला. त्याच तरतुदीखाली आज तिथे हिंदू शाळा चालतात. त्या चालवणारे लोक 1873 पासून उत्तर भारतातून सुरिनामला मजूर म्हणून नेलेल्यांचे वंशज आहेत. ख्रिस्ती पंथांच्या शाळांसाठी निघालेल्या त्या तोडग्याचा लाभ कित्येक दशकांनी त्यांना झाला.

धर्म नसणे हीसुद्धा एक भूमिका आहे

या अभ्यासातील सर्वांत अवघड भाग हाच आहे आणि त्यासाठी सवड काढावी. आपल्याकडे ‘सर्वधर्मसमभाव’ म्हटले की डोळ्यांसमोर मंदिर, मशीद, चर्च आणि गुरुद्वारा असलेले भित्तिपत्रक येते. त्यात धर्म न मानणाऱ्याचे चित्र नसते. युरोपातील बहुविधतेत तो माणूस समोर उभा असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तोच संख्येने मोठा असतो. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत ख्रिस्ती 46.2 टक्के आणि ‘कोणताही धर्म नाही’ असे सांगणारे 37.2 टक्के होते, मुस्लिम 6.5 टक्के, हिंदू 1.7 टक्के आणि शीख 0.9 टक्के होते. जर्मनीत दोन्ही मोठ्या चर्चचे सभासद मिळून आता निम्म्याहून कमी आहेत.

या माणसांना कायद्यात जागा आहे, हे लक्षात घ्यावे. जर्मन राज्यघटनेच्या कलम 4 मध्ये धार्मिक श्रद्धेसोबत जीवनदृष्टीच्या स्वातंत्र्याचाही उल्लेख आहे, म्हणजे देव न मानता जगाविषयी आणि माणसाविषयी सुसंगत विचार बाळगणाऱ्यांच्या संघटनाही धर्मसंस्थांच्या बरोबरीने उभ्या राहू शकतात. युरोपीय मानवी हक्क करारातील कलम 9 विचार, सदसद्विवेकबुद्धी आणि धर्म या तिन्हींचे स्वातंत्र्य एकत्र देते. या कलमाचा भंग झाला असे स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने, म्हणजे या करारावर देखरेख करणाऱ्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, प्रथम 1993 मध्ये म्हटले. तो खटला ग्रीसमधील ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या एका अनुयायाचा होता. धर्मप्रसार केल्याबद्दल त्याला पुन्हा पुन्हा अटक झाली होती. निकालात न्यायालयाने असेही नोंदवले की हे स्वातंत्र्य श्रद्धावानांइतकेच नास्तिक, अज्ञेयवादी, संशयवादी आणि या विषयाची फिकीर नसलेल्या लोकांसाठीही मोलाचे आहे. धर्मप्रचारकाच्या खटल्यातून नास्तिकाच्या हक्काला बळ मिळाले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

काही देश याच्याही पुढे गेले. बेल्जियममध्ये मान्यताप्राप्त धर्मांच्या पुरोहितांना राज्य वेतन देते आणि 2002 पासून संघटित निधर्मी मंडळींच्या सल्लागारांनाही देते. नेदरलँड्समध्ये सैन्यात, तुरुंगात आणि रुग्णालयांत मानवतावादी समुपदेशक असतात. नॉर्वेत धर्मसंस्था आणि जीवनदृष्टीच्या संस्था यांना सभासदसंख्येच्या प्रमाणात अनुदान मिळते, आणि तिथली मानवतावादी संघटना पंधरा वर्षांच्या आसपासच्या मुलामुलींसाठी चर्चच्या दृढीकरण विधीऐवजी आपला स्वतंत्र समारंभ घेते : वर्ग भरतात, नीती आणि मानवी हक्कांवर चर्चा होते, शेवटी नगरसभागृहात आईवडिलांसमोर मुले एकेक करून मंचावर जातात. हे ऐकून वर्गात कोणी हसले, तर मी सत्यशोधक विवाहाची आठवण करून देतो. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी स्थापन केलेल्या समाजाने पुरोहिताशिवाय लग्ने लावली, तेव्हा त्यामागेही हीच गरज होती : जुना विधी मनाला पटत नाही, पण आयुष्यातील मोठा क्षण चार माणसांसमोर साजरा व्हावा असे मात्र वाटते.

वागताना यातून काय घ्यावे? ‘मी काही मानत नाही’ असे सहकाऱ्याने सांगितले, तर त्याची कीव करू नये आणि त्याला वाट दाखवायलाही जाऊ नये. ‘मनात कुठेतरी श्रद्धा असेलच’ हे आपल्याला समजूतदार वाटणारे वाक्य तिथे अपमान ठरते, कारण विचार करून घेतलेल्या भूमिकेला आपण त्यातून अर्धवट ठरवतो. तोच सहकारी डिसेंबरमध्ये चर्चच्या गायनात उभा राहिला तर त्याला ढोंगीही समजू नये. सभासदत्व, श्रद्धा आणि सहभाग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. देव न मानता आषाढीला अभंग ऐकून डोळे ओले होणारी माणसे आपल्याही ओळखीची असतात. म्हणून आकडेवारी वाचताना नेहमी पाहावे की प्रश्न कोणता विचारला होता : चर्चच्या नोंदवहीत नाव आहे का, देव मानता का, की प्रार्थनेला जाता का.

आणखी एक सवय इथूनच सोडावी. आपण नव्या माणसाला गाव विचारतो, आडनाव विचारतो आणि मनातल्या मनात त्याची जात लावतो. युरोपात पहिल्या भेटीत धर्म विचारणे पगार विचारण्याइतके खासगी मानतात. ओळख वाढल्यावर विषय आपोआप निघतो, आणि निघाल्यावर लोक मोकळेपणाने बोलतात.

कामाच्या ठिकाणी

जर्मनीतील पुष्कळ रुग्णालये, वृद्धाश्रम आणि बालवाड्या कारितास आणि डियाकोनी या चर्चच्या कल्याणसंस्था चालवतात. त्यामुळे परळीच्या एखाद्या मुलाचा मालक थेट चर्चशी जोडलेला असू शकतो. करारावर सही करण्यापूर्वी त्यातील संस्थेच्या ध्येयधोरणाचा भाग शब्दकोश घेऊन वाचावा. तिथे हिंदू, मुस्लिम आणि निधर्मी असे सर्व प्रकारचे लोक काम करतात. संस्थेच्या ख्रिस्ती मूल्यांचा आदर राखावा, एवढी अपेक्षा त्यांच्याकडून केली जाते.

खरी कसोटी रुग्णाच्या खोलीत लागते. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसापाशी बसल्यावर आपल्याला सहज देवाचे नाव घ्यावेसे वाटते, त्याच्या तोंडात गंगाजलाचा थेंब घालावासा वाटतो. ही आपली माया असते. परंतु त्या खोलीतील आजी आयुष्यभर नास्तिक राहिलेल्या असू शकतात, त्यांच्या शेजारच्या खोलीतील आजोबांना पाद्री हवा असू शकतो आणि त्यापलीकडच्या तुर्की बाबांना मुलाकडून कुराण ऐकायचे असू शकते. नोंदवहीतील माहिती वाचावी, आणि ती पुरेशी नसेल तर रुग्णाला किंवा नातलगांना सरळ विचारावे : “आपल्याला आता कोणी जवळ असावे असे वाटते?” या प्रश्नात धर्माचे नाव नाही, आणि उत्तर देणाऱ्याला पूर्ण मोकळीक आहे. आमच्या वर्गात हे वाक्य आम्ही जर्मनमध्ये मोठ्याने म्हणून घेतो, तेही पहिल्या महिन्यातच.

सुट्ट्यांचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. रविवारी दुकाने बंद असतात, कारण रविवारच्या विश्रांतीला घटनेचेच संरक्षण आहे. शनिवारी किराणा भरून ठेवावा. सणांच्या सुट्ट्या राज्यागणिक बदलतात. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 6 जानेवारी आणि कॉर्पस क्रिस्ती या सणाची सुट्टी असते, बर्लिनमध्ये ती नसते. बर्लिनने 2019 पासून 8 मार्चच्या महिलादिनाची सुट्टी सुरू केली आहे. वेळा अमावस्येला लातूरकर शेतात जेवायला जातात तेव्हा छत्रपती संभाजीनगरची कार्यालये चालूच असतात, तसेच हे आहे. दिवाळी, ईद, बुद्धपौर्णिमा किंवा गुरुपुरबासाठी आपल्या हक्काच्या रजेतून सुट्टी मागावी आणि ती वर्षाच्या सुरुवातीलाच मागावी. सहकाऱ्याची नाताळची पाळी आपण घेतली तर दिवाळीला तो आपली पाळी घेतो, हा व्यवहार बहुतेक ठिकाणी छान जमतो.

चिन्हे, वस्त्रे आणि ती वाहून नेणारे आपण

सामान भरतानाच एक गोष्ट पाहून घ्यावी. आईने स्टीलच्या डब्यावर कुंकवाने काढलेले किंवा दाराच्या तोरणावर भरतकाम केलेले स्वस्तिक जर्मनीत नाझींच्या चिन्हासारखे दिसते. नाझी चिन्हे सार्वजनिक ठिकाणी दाखवणे तिथल्या दंडसंहितेच्या कलम 86 अ नुसार गुन्हा आहे. आपल्या धार्मिक स्वस्तिकावर तो कायदा रोखलेला नाही, हे खरे आहे. परंतु शेजारी राहणाऱ्या ज्यू आजींना दारावरचे ते चिन्ह पाहून काय वाटेल, याचा विचार कायद्याच्या आधी करावा. देवघरात ठेवावे, दारावर लावू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. आपले चिन्ह पवित्र आहेच. त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहणारी स्मृतीही खरी आहे.

नांदेडच्या शीख मुलांनी तर देशागणिक नियम तपासावेत. आपल्या राज्यघटनेच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणात कृपाण बाळगणे शीख धर्माचरणाचा भाग मानले आहे. ब्रिटनने 1976 मध्ये पगडीधारी शिखांना मोटारसायकलवरील हेल्मेटमधून सूट दिली आणि कृपाणासाठीही कायद्यात धार्मिक कारणाची सवलत ठेवली. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2017 मध्ये कृपाणधारकाच्या विरोधात निकाल दिला. त्याच इटलीत नोव्हेल्लारा या गावी मोठा गुरुद्वारा आहे, आणि आसपासच्या गोठ्यांत अनेक शीख पिढीजात गवळ्यांसारखे काम करतात. स्वीकार आणि नकार एकाच देशात असे शेजारी नांदत असतात.

डोक्यावरील रुमालाचेही तसेच आहे. फ्रान्सच्या सरकारी शाळांत 2004 च्या कायद्यापासून विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हे घालता येत नाहीत. त्यात रुमाल, पगडी आणि मोठा क्रूस हे सर्व आले. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 2015 मध्ये शिक्षिकांच्या रुमालावर सरसकट बंदी घालता येणार नाही असे म्हटले. कापड तेच असले तरी फ्रान्स तटस्थता म्हणजे सर्वांनी चिन्हे बाजूला ठेवणे असे मानतो, आणि जर्मनी सर्वांना चिन्हांसह जागा देणे असे मानण्याकडे झुकतो. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. परंतु पहिल्या बाजूच्या शिक्षकांचे म्हणणेही मी मुलांना पूर्ण वाचायला लावतो, कारण शाळेतील लहान मुलीवर घरातून येणारा दबाव हा त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही.

एखादा वाद हातात घेऊन कसा वाचावा

वादांच्या बातम्या मोबाइलवर येतात तेव्हा त्या आधीच तापलेल्या असतात. म्हणून जुना, निकाल लागलेला एक वाद घ्यावा आणि तो सावकाश वाचावा. मी इटलीतील क्रूसाचा खटला घेतो. सरकारी शाळेच्या वर्गातील भिंतीवर क्रूस होता. दोन मुलांच्या आईने तो काढण्याची मागणी केली, कारण तिला आपली मुले निधर्मी विचाराने वाढवायची होती. 2009 मध्ये स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला. युरोपभर खळबळ माजली, प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले आणि 2011 मध्ये 15 विरुद्ध 2 मतांनी निकाल उलटला. क्रूस हे मूक चिन्ह आहे, ते शिकवणी देत नाही, आणि याबाबत राष्ट्रांना काही मोकळीक असली पाहिजे, असे पीठाने मानले.

यानंतर मी मुलांना आपापली जिल्हा परिषदेची शाळा आठवायला सांगतो. भिंतीवर सरस्वती होती का? सावित्रीबाई आणि बाबासाहेब होते का? त्यांतील कोणते चित्र धार्मिक, कोणते राष्ट्रीय आणि कोणते कोणाच्या मनाला लागणारे? या प्रश्नांवर वर्ग तासभर बोलतो आणि काही वेळा आवाज चढतात. मी ते थांबवत नाही. आपल्याला जे चिन्ह घरचे वाटते ते दुसऱ्याला परके वाटू शकते, हे तिथे मुलांच्या लक्षात येते, आणि मग त्या इटालियन आईचेही म्हणणे ऐकू येते आणि क्रूसावर प्रेम करणाऱ्या गावाचेही. स्वित्झर्लंडमध्ये 2009 च्या सार्वमतात 57.5 टक्के मतदारांनी नवे मिनार बांधण्यावर बंदी घातली, आणि त्याच देशाच्या राजधानीत, बर्नमध्ये, 2014 पासून एकाच इमारतीत हिंदू मंदिर, मशीद, बौद्ध विहार, अलेवी (तुर्कस्तानातून आलेला एक पंथ) आणि ख्रिस्ती प्रार्थनास्थळे नांदतात. वेरूळच्या 34 लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन एका डोंगरात शेजारी आहेत, म्हणून आपल्याला ही कल्पना जवळची वाटते. परंतु वेरूळच्या शिल्पकारांनी आपसांत काय ठरवले ते आपल्याला विचारता येत नाही. बर्नला जाऊन जिन्याची सफाई कोण करते इथपासून सारे विचारता येते.

आपल्याविषयी सांगताना

तिथे आपल्यालाही प्रश्न विचारले जातील, आणि तयारी नसेल तर आपण ऐकीव वाक्ये बोलू लागतो. बौद्ध मुलांना हमखास ध्यानाविषयी विचारतात, कारण युरोपात बौद्ध धर्म मुख्यतः शांतता आणि ध्यान म्हणून पोहोचला आहे. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात वाढलेल्या मुलाने तेव्हा 14 ऑक्टोबर 1956 चे धम्मदीक्षेचे सांगावे, समतेसाठी धर्म बदलणाऱ्या आजोबांचे सांगावे. ऐकणाऱ्याला ते सर्वस्वी नवे असते. लिंगायत, महानुभाव, वारकरी घरांतील मुलांनी ‘आम्ही हिंदू’ एवढ्यावर न थांबता आपल्या घरात काय होते ते सांगावे. जातीचा प्रश्न येईलच. तो टाळू नये आणि खोटे उत्तर देऊ नये.

कुटुंबासह जाणाऱ्यांनी एक कायदा आधीच माहीत करून घ्यावा. जर्मनीत 1921 च्या कायद्यानुसार वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर आपला धर्म कोणता असावा हे मूल स्वतः ठरवू शकते, आणि बारा वर्षांनंतर त्याच्या इच्छेविरुद्ध त्याचा धर्म बदलता येत नाही. शाळेत धर्मशिक्षणाऐवजी नीतिशास्त्राचा तास निवडण्याची सोय बहुतेक राज्यांत असते. बर्लिनमध्ये तर 2006 पासून सातवीपुढे नीतिशास्त्र सर्वांना आहे आणि धर्माचा तास ऐच्छिक. आपले मूल वेगळ्या वाटेने गेले तर आपण काय करू, हा विषय नवराबायकोने विमानात बसण्यापूर्वी एकदा तरी बोलून ठेवावा.

शेवटी एक गोष्ट अशी, जी पालक कधीच विचारत नाहीत आणि मी दरवेळी सांगतो. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत दहनानंतरचा अस्थिकलश घरी नेता येत नाही. तो दफनभूमीतच ठेवावा लागतो. मुस्लिमांसाठी पेटीविना, कफनात दफन करण्याची मुभा बाडेन-व्युर्टेम्बर्गने 2014 मध्ये दिली, पण सर्व राज्यांचे नियम सारखे नाहीत. अस्थी गोदावरीत, पैठणला किंवा नांदेडला विसर्जित करायच्या असतील तर त्या परदेशी नेण्यासाठी स्थानिक कार्यालयाची आणि भारतीय वकिलातीची कागदपत्रे लागतात. म्हणून आपली इच्छा जर्मन आणि मराठी अशा दोन्ही भाषांत एका कागदावर लिहावी, खाली सही आणि तारीख घालावी, एक प्रत पारपत्रासोबत ठेवावी आणि दुसरी गावी, घराच्या कपाटात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत.